चौकटीतली रिकामी जागा

नाताळची कागदी चांदणी चिकटवायला मैद्याची खळ शिजवली, की त्या वासानं मला वाळूजची एक खोली आठवते. त्या वर्षी आई-बाबांची फारकत झाली होती. मी आईजवळ शहरातल्या छावणी भागात राहायचे आणि बाबा तिकडं वाळूजला कंपनीजवळ एकटे. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं, म्हणून एरवी रात्री नाताळची गाणी गात फिरणारी चर्चची कॅरल मंडळी त्या खेपेला दिवसाउजेडीच टेम्पोतून घरोघर फिरत होती. मीही गाणाऱ्यांत होते. निघताना आईनं बजावलं होतं, “गायला जा, पण त्यांचा उंबरा ओलांडायचा नाही.” बाबांच्या दारावर आमच्याच घरातली जुनी चांदणी टांगलेली होती; तिचं फाटकं टोक मीच खळीनं वहीचा कागद चिकटवून सांधलं होतं. गाणी झाली. रिवाजाप्रमाणं पाळकसाहेब म्हणाले, “घरची मंडळी दारात उभी राहा, प्रार्थना करू.” बाबा एकटेच पुढं आले. माझ्या शेजारची म्हातारी मला कोपरानं ढोसत पुटपुटली, “जा की गं पोरी, बापाजवळ उभी राह्य. कुणी काय म्हणत नाय.” माझे पाय हललेच नाहीत. सगळ्यांनी डोळे मिटले, मी मात्र बघत राहिले. बाबा डोळे मिटून, अंग चोरून चौकटीच्या एका कडेला उभे होते, आणि बाजूला माझ्याएवढी जागा मोकळी होती. आमेन झालं तरी ते सरकले नाहीत. टेम्पो निघाला तेव्हाही तसेच होते. आता माझ्या दारात कॅरलवाली पोरं येतात, तेव्हा घरची मंडळी म्हणून मी एकटीच पुढं होते, आणि चौकटीच्या कडेलाच उभी राहते.