कापसावर पाऊस

पुंजारामकाका अकोटच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चाळीस वर्षं फिटर. लोखंडी सळईचं एक टोक चालत्या बेरिंगवर टेकवायचे, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून सांगायचे, कुठलं यंत्र बिघडणार. त्याच खडखडाटानं कान गेले. मागे राहिली ती कानात अखंड वाजणारी 'चीं'.

माझ्या अमरावतीच्या कानाच्या दवाखान्यात त्यांना आणलं मैनाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, अक्षरशः हाताला धरून.

"दसऱ्याले हंगाम सुरू होते," काका म्हणाले. "बेरिंग ऐकू नाई आलं, तं मी तिथं कायले जाऊ?"

मी झोकात त्यांच्या कानात डिजिटल मशीन बसवलं. ते बोलणं मोठं करतं, गोंगाट दाबतं. 'चीं' झाकायला वरून मंद पावसाचा आवाजही सोडला. मैनाबाईंचं हळू बोलणं काकांना ऐकू आलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दसरा झाला. आठवड्यानं काका मैनाबाईंसोबत आले आणि मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"जिनात गेलो अन् सगळं चूप! मले वाटलं लाईट गेली. ओरडलो, जनरेटर काहून नाई लावलं? पोट्टे हासले ना माह्यावर."

चूक माझीच. एकसुरी घरघर म्हणजे गोंगाट, असं धरून मी मशीन लावलं होतं. त्या घरघरीवर या माणसाचा जन्म गेला, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी मशीनचं गोंगाट दाबणं बंद केलं आणि ते पुन्हा त्यांच्या कानात घातलं.

"अन् थो पाऊस काढा. कापसावर पाऊस कोणाले आवडते, बाई?"

"मग काय लावू?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. सकाळीच जिनाचा आवाज भरून आणला होता. तो मी मशीनमधून हलकाच सोडला. काकांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. 'चीं' बुडाली होती. मला फार बरं वाटलं.

एकाएकी त्यांनी डोळे उघडले आणि जिनात गोपाल मिस्त्रीला फोन लावला. "तीन नंबर बंद कर. बेरिंग पाह्य."

दहा मिनिटं काकांनी फोन हातातच धरून ठेवला. मग गोपालचा फोन आला. "काका, हात लावू देत नाई, इतकं तापलं! तुमी कुठून पाह्यलं?"

"अमरावतीहून," काका म्हणाले.

मैनाबाईंनी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "चाला," त्या म्हणाल्या, "आता घरी माह्यंबी ऐकजा."