जर्मनची होडी

तांबटाने सासरी गेल्यावर हातोडीला हात लावू नये, हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

मी नाशिकचा तांबट, सासरे सायखेड्याचे तांबट. धोंड्याच्या महिन्यात अनारसे खायला म्हणून गेलो, तर त्यांच्या अंगणात एक जुनी होडी पालथी घातलेली. आणि तीही जर्मनची! (त्या काळी ॲल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणायचो, आणि म्हणताना तोंड वाकडं करायचो. त्या स्वस्त, हलक्या भांड्यांनी आमच्या तांब्यापितळेचं गिऱ्हाईक पळवलं होतं.) बदकं मारायला येणाऱ्या एका साहेबाने विलायतेला परत जाताना एका पितळी घंगाळाच्या बदल्यात ती सासऱ्यांच्या गळ्यात मारली होती.

सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या बाजाराला हंडे-कळश्या न्यायच्या होत्या. नावाड्याशी त्यांचं फाटलं होतं, कारण मागच्या खेपेचा एक तांब्या त्यानेच ढापला असा त्यांना संशय! आता त्याच्या नावेत पाय ठेवायचा नाही, अशी गावभर घोषणा करून झाली होती. आणि या होडीच्या तळाला बारीक बारीक भोकं.

"साहेबानंच पाडली असतील, मुद्दाम," सासरे म्हणाले.

"मामा, ही भोकं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" मी म्हणालो. बायको दारात उभी होती ना!

"अहो, जर्मनला कधी हात तरी लावलाय का तुम्ही?" ती म्हणाली.

"धातू तो धातू!"

आधी भोकांवर कथील ओतलं. ते धरेचना! घरंगळून खाली. मी सासऱ्यांच्या कथिलाकडे संशयाने पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कथलात भेसळ दिसतेय," मी म्हणालो.

"याच कथलानं निम्म्या तालुक्याला कल्हई केली, जावईबापू."

मग मी ठरवलं, भोकाच्या कडा तापवून लाल करायच्या आणि ठोकून मिटवायच्या. तांब्याला आम्ही पिढ्यानपिढ्या हेच करतो. लाल झाल्याशिवाय हातोडी उचलायची नाही, हे तर आम्हाला पाळण्यातच शिकवतात. पालथी होडी दगडांवर उंच टेकवली, तिच्याखाली भट्टी सरकवली आणि माझा मेव्हणा दत्तू पलीकडे खाली भाता मारायला बसला.

बराच वेळ गेला. होडी पांढरीची पांढरी.

"दत्तू, झोपलास काय?"

"दाजी, खांदं निखळायला आलं माझं!"

"मग कोळसा ओला आहे."

"कोळसा ओला?" सासरे कडाडले. "कोळसा माझा हाय!"

"नजर लागलीय कुणाची तरी," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्या नावाड्याचीच असंल."

सगळ्यांनी नदीच्या दिशेने रागाने पाहिलं. मी ओरडलो, "मार जोरात!" दत्तूने जीव खाऊन भाता मारला. रंग अजून तोच. मी खाली वाकून बघतोय, तर थप्प! आणि तळाला पडलेल्या भगदाडातून दत्तूचा घामेजलेला चेहरा माझ्याकडे बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "झालं का लाल?"

जर्मन लाल होतच नाही हो! आपलं गपचूप तापतं आणि कुणाला न विचारता वितळतं. बारीक भोकं मात्र सगळी गेली. ती होती तेवढी जागाच गेली ना!

सासऱ्यांनी टोपी घातली आणि नावाड्याची मनधरणी करायला गेले. मला खरंच फार वाईट वाटलं.

सकाळी त्याच नावेत सासरे मान खाली घालून बसले होते आणि मी मांडीवर हंडा धरून. रात्रीतून बातमी गावभर झाली होती. नावाड्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"होडीला भगदाड पाडणारे ते नाशिकचे कारागीर तुम्हीच का?"

"छे! मी शिंपी," मी म्हणालो.

तो चटकन मागे सरकला.

"मंग जरा लांबच बसा. सदरा नवा हाय माझा!"