तेवीस फॉर्म पुन्हा

एम.ए.च्या तिसऱ्या सत्रात आम्हाला आठ आठवडे एखाद्या संस्थेत काम करावं लागे. संस्थेची सही नसेल तर विषय नापास, आणि नापास झाले की माझी शिष्यवृत्ती बंद. तालुक्याच्या गावाहून आलेली, घरातली पहिली पदवीधर मी. परत जाऊन काय सांगणार होते?

मला भांडुपच्या टेकडीवरची वस्ती मिळाली. बायकांच्या कामाची पाहणी करायची होती. मी इस्त्रीचा कुर्ता घालून चढ चढायची आणि फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा वाचायची, "आपण काय काम करता?"

"कसला काम गो? घराकच असतंय मी," पहिल्या घरातल्या मालवणी मावशी म्हणाल्या. मी लिहिलं, 'काही नाही'. तेवीस घरं अशीच पटापट झाली. मी खूश.

संस्थेतल्या ताईंनी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला. "तेवीस बायका नुसत्या बसून असतात? तू त्यांच्याकडे बघत होतीस की कागदाकडे?"

"त्यांनी सांगितलं तेच लिहिलं, ताई."

"मग तुझ्याऐवजी मोबाइल ठेवून आलो असतो ना! यावर सही मिळणार नाही. दहा दिवस आहेत."

रडू आलं, पण रडायला दिवस नव्हते. जिना उतरताना मावशींचं घर आठवलं. बोलताना त्यांचे हात थांबलेच नव्हते. मांडीवर ताट, ताटात राख्या, एकेकीवर डिंकाने खडा. मला ती घरातली हौस वाटली होती.

आणि मी तर चिंचेच्या ढिगाशेजारी बसून अभ्यास केलेली. व्यापाऱ्याची पोती दारात पडत, आई दिवसभर चिंचोके काढी. तरी प्रत्येक प्रवेश अर्जात आईच्या व्यवसायापुढे मीच लिहिलं होतं, 'काही नाही'.

दुसऱ्या दिवशी फॉर्म पिशवीतच ठेवून मी मावशींच्या दारात बसले. "मला शिकवा."

"तुका? कॉलेजच्या पोरीक?"

माझे पहिले चारही खडे वाकडे बसले. "अगो, शेठ तोंडार मारतलो माझ्या!" त्या म्हणाल्या. शेजारीण हसून हसून लोळली, "आज मालाची वाट लागली!"

तासाभराने मी विचारलं, "मावशी, उठल्यापासून काय काय केलंत?" मग त्या थांबेनात. पाणी, डबे, शाळा, राख्यांचा माल, दुपारी डोळ्यांची आग. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला, त्याची मागची बाजूही भरली. रोज दोन-तीन घरं, प्रत्येक घरात आधी हाताला काम, मग प्रश्न.

दहाव्या दिवशी ताईंनी तेवीसही वाचले. सही करून म्हणाल्या, "हं. पुढच्या गल्लीत सतरा घरं राहिलीत."

चढाच्या पायथ्याशी थांबून मी आईला फोन लावला. "आई, सकाळपासून काय केलंस?"

"काही नाही गं."

"नीट सांग," मी म्हटलं, आणि वही उघडली.