राखेची डबी

हवा कुठून कुठे जाते हे बघण्याचा मला पगार मिळायचा. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात, इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या निर्जंतुक खोलीत, आम्ही नळीतून पांढरी वाफ सोडायचो आणि ती कुठे वळते, कुठे घुटमळते याचं चित्रीकरण करायचो. २०१६ साली एकदा मी हे घरमालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग शनिवारी माझ्याबरोबर रानात चल.

घरमालक सत्तरीचे, एकटे. कारखान्यापासून तासाभरावर आत त्यांचं शेत होतं आणि शेताच्या कडेच्या लहान घरात मी भाड्याने राहायचे. उतारावर त्यांनी ओकची रोपं लावली होती. हरणं येऊन त्यांची साल सोलून खायची, म्हणून ते परवाना काढून रीतसर शिकार करत. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. तेव्हा वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर आला की मुकाट्याने घरी जायचं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. वारा दिसायला धूर हवा, म्हणून चंदनाची उदबत्ती पेटवून नेली. धूर सुरेख दिसला. हरणं अर्थातच दिसली नाहीत. घरमालक म्हणाले, चर्चसाठी हे ग्रँड आहे; 'ठीक'पासून 'छान'पर्यंत सगळ्याला त्यांचा हा एकच शब्द. मग त्यांनी माझं जाकीट हुंगलं. ते हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टांगलेलं असायचं, आणि ते कपाट स्वयंपाकघरात. लसणीची फोडणी त्यात वर्षभर मुरली होती. त्या दिवसापासून जाकीट बाहेर शेडमध्ये गेलं.

हळूहळू शिकले. ओलं बोट वर धरण्याचा तिथे फारसा उपयोग नाही, रिपरिपीत बोट सगळीकडूनच गार पडतं. कडाक्याची थंडी असली तर आपलाच श्वास बघावा. घरमालकांनी बंदुकीच्या नळीला लोकरीचा धागा बांधला होता, तो हलेल तसा वारा. माझ्याकडे त्यांनी टाल्कम पावडरची छोटी बाटली दिली. दाबली की चिमूटभर ढग निघायचा आणि मी नजरेनेच त्याच्यामागे जायचे. बंदूक त्यांची, वारा माझा, अशी आमची वाटणी ठरली. मला ते आवडायचं, हे कबूल करते. मारणं नाही. ते चालणं, आणि दोन तास कोणीही काही न बोलणं.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला बाबा आले. चंद्रपूरच्या बाजूला त्यांनी सगळी नोकरी वनरक्षक म्हणून काढली, शिकारी पकडण्यात. एकदा शिकाऱ्यांनी मारलेलं चितळ गाडीच्या धडकेने मेलं असं लिहून द्या, असा वरून निरोप आला. बाबांनी लिहून दिलं नाही. त्यांची बदली झाली. अशा बदल्यांपायी मी चार शाळा बदलल्या, आणि त्याचा राग मी मनातून कधी पुरता काढला नव्हता. तरी माझे शनिवार मात्र मी त्यांच्यापासून लपवून ठेवले होते.

एका संध्याकाळी ते शेडमध्ये छत्री शोधायला गेले आणि पावडरची बाटली घेऊन आले. टेबलावर ठेवली. "कोनाच्या मांगं जाते तू?" त्यांनी विचारलं.

अशा बाटल्या नसतील, पण राखेच्या पुरचुंड्या त्यांनी कितीतरी शिकाऱ्यांच्या कमरेतून काढल्या होत्या. वारा बघायला खिशात भुकटी कोण ठेवतं, हे त्यांना मी काय शिकवणार? मी सगळं सांगून टाकलं. परवाना, रोपं, इथला कायदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि चार दिवस चहापुरतंच बोलले. मला फार वाईट वाटलं, आणि चाळिशीला आलेल्या बाईला वडिलांच्या अबोल्याचं इतकं वाईट वाटावं याचा संतापही आला.

शुक्रवारी म्हणाले, त्यांना सांग, मीही येतो. घरमालकांच्या शेकोटीतली पीटची, म्हणजे तिथे जाळतात त्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, राख त्यांनी चाळून घेतली आणि बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरली. पावडरला वास असतो, एवढंच कारण दिलं.

तीन आठवडे घरमालक एकाच नराच्या पाळतीवर होते. त्याने बरीचशी रोपं संपवली होती, खालच्या दोन ओळी उरल्या होत्या. सकाळी उजाडता उजाडता आम्ही तिघं दगडी बांधाआड बसलो आणि तो झाडीतून बाहेर आला. पंजासारखी पसरट शिंगं, मान खाली, खुशाल खात होता. घरमालकांनी बंदूक टेकवली. मग त्यांनी बाबांकडे बघून भुवया उंचावल्या. वारा कसा आहे, असं ते विचारत होते. आपल्यासारख्याच जाणत्या माणसाला विचारावं तसं.

बाबांनी डबी उघडून चिमूट सोडली. राख सरळ मागे आली आणि त्यांच्या स्वेटरच्या बाहीवर बसली. वारा अगदी हवा तसा, आमच्या तोंडावर होता. बाबांनी बाहीकडे बघितलं, हरणाकडे बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "वारा फिरला. त्याच्याकडं चालला. सांग त्याले."

माझ्या उभ्या आयुष्यात हा माणूस खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. खरं सांगायला मला एक शब्द पुरला असता. मी घरमालकांकडे वळले आणि वारा फिरलाय म्हणून सांगितलं.

त्यांनी नळीवरच्या धाग्याकडे नजर टाकली. धाग्याचं टोक त्यांच्याच दिशेला होतं. मग त्यांनी बाबांच्या बाहीवरची राख बघितली. "ग्रँड," ते हळूच म्हणाले, "मग आज नको." नराने आमच्यादेखत आणखी एक रोप सोललं आणि सावकाश निघून गेला.

सोमवारी कामावरून आले तर घरात बाबा नव्हते. ते उतारावर होते. घरमालक खुंट ठोकत होते आणि बाबा उरलेल्या प्रत्येक रोपाभोवती जाळी गुंडाळत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. परत जायच्या दिवसापर्यंत बाबा रोज तिथे गेले, पावसातही. दोन्ही ओळी पूर्ण केल्या, आणि वर खाल्लेल्या रोपांतली जगतील अशी वाटली त्यांनाही जाळ्या लावल्या.

विमानतळाच्या वाटेवर गाडीत मला राहवेना. "बाबा, त्या दिवशी वारा फिरला नव्हता."

"नव्हता."

"मग मी चार शाळा कशाला बदलल्या?"

"तवा चितळ मेलं होतं, बाई," ते म्हणाले. "हे जित्तं होतं."