वहिनींची मदत

फोटोतल्या रिकाम्या रस्त्यावर नसलेली गाडी उभी करायची, आणि ती तिथं खरंच उभी होती असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. जाहिरातींसाठी हे काम चालतं. रस्ता खरा असतो, कुणीतरी जाऊन त्याचा फोटो काढलेला असतो. गाडी मात्र कॉम्प्युटरमध्ये घडवलेली. तिला वजन नसतं, धूळ नसते, तिच्यावर ऊन पडत नाही. ते सगळं तिला आपण द्यायचं.

माझं माहेर केम गावचं. वडील रेल्वेत होते. सोलापुरात मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, एका फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे बॅनर केले आणि लग्न होऊन सोलापुरातच राहिले. सासरचं मूळ गाव मैंदर्गी. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात, मीही म्हणते. नवऱ्याचं शेतीच्या मोटारपंपांचं दुकान आहे. धाकटा दीर तेव्हा शिक्षण संपवून घरीच होता. तोंडावर मी त्यांना भावजी आणि तुम्ही म्हणते. लिहिताना तेवढा मान देणं मला आता जमत नाही. त्याच्याकडे चांगला कॅमेरा होता आणि फोटो तो खरोखर सुरेख काढायचा. हे मी आजही नाकारत नाही.

पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याचा मित्र होता. त्या ओळखीनं गाडी बसवायचं पहिलं काम आलं. दिरानं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि वैतागला. गाडी रस्त्यावर टेकेचना. वहीवर स्टिकर चिकटवावं तशी ती दिसत होती.

मी मागे उभी राहून बघत होते. म्हटलं, "भावजी, तुम्ही फोटो गुडघ्यावर बसून काढलाय. गाडी उभ्या माणसाच्या डोळ्यातून बघितल्यासारखी आहे. जमेल कशी?"

"मग तुम्ही बसा, वहिनी," तो म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

मी बसले ती बसलेच. सकाळचा स्वयंपाक आटोपला की दुपारभर. कुणी शिकवणारं नव्हतं, म्हणून गल्लीत उभ्या असलेल्या गाड्या बघायला जायचे. भर उन्हात गाडीखालची सावली काळी नसते, जमिनीचा रंग तिच्यात मिसळलेला असतो. टायर जिथं रस्त्याला लागतो तिथं मात्र बोटभर पट्टा अगदी गडद असतो. तो काढला नाही तर गाडी तरंगते. टपावर आभाळ असतं, दारावर समोरची भिंत असते. आणि फोटो जेवढा भुरकट असेल तेवढीच गाडीही भुरकट करावी लागते, नाहीतर ती एकटीच चकचकीत राहून चोरी उघड करते.

एकदा शेजाऱ्याच्या गाडीखाली वाकून बघत होते, तेव्हा अव्वा दारातून म्हणाल्या, "काय पडलंय तितं? सुना असं रस्त्यात वाकून बसतेत व्हय?"

"सावली बघतेय, अव्वा."

"घरात न्हाय का सावली?"

मला हसू आलं होतं. ते दिवस बरे होते. दीर फोटो काढायचा, मी गाडी बसवायची आणि स्टुडिओला काम त्याच्या नावानं जायचं. खातं त्याचं होतं, ओळख त्याची होती. नावाचा विषय माझ्या डोक्यातही आला नाही.

मग स्टुडिओच्या साहेबांना व्हिडिओवर बोलायचं होतं. दिरानं केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी दाराआड, हातात भाजीचं ताट. साहेब विचारत होते, हे काचेतलं आभाळ कसं केलं? दीर सांगत होता. मी त्याला जेवताना जसं सांगितलं होतं, तसंच, पण माझ्याहून सफाईनं. थोड्या दिवसांनी त्याला पुण्यात नोकरी मिळाली.

नवऱ्याला मी म्हटलं, "अहो, काम मी करते हे तिथं सांगायला नको का?"

दुकानाचा माल उतरवून तो दमून आला होता. चिडून नाही, साधेपणानंच म्हणाला, "तो बाहेर बोलायला बरा आहे. तुला जमलं असतं का साहेबाशी बोलायला? आणि पुण्याला तू जाणार होतीस का?"

आजही तो आवाज आठवला की मला राग येतो, पण कुणावर ते नीट ठरत नाही.

तो पुण्याला गेल्यावर माझं काम थांबेल असं वाटलं होतं. ते वाढलं. "वहिनी, एवढं एक बघा," असा फोन यायचा आणि फायली यायच्या. काम झालं की मूळ फायली परत पाठवायच्या आणि आपल्याकडच्या पुसून टाकायच्या, असा स्टुडिओचा नियम आहे म्हणून त्यानं सांगितलं होतं. मी इमानेइतबारे पुसत आले.

त्यातलं एक चित्र मैंदर्गीच्या रस्त्याचं होतं. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, मध्ये मातीची वाट. फोटो त्यानंच सुट्टीला आला असताना काढलेला. त्यावर गडद लाल गाडी बसवायची होती. टायरपुढे गवताची पाती आली पाहिजेत, दारात ज्वारीचा हिरवा उतरला पाहिजे, खालच्या अंगाला धूळ पाहिजे आणि तरी गाडी नवीन दिसली पाहिजे. त्या चित्रात माझा जीव गेला. ते इतकं चाललं की जागोजागी फलक लागले. सोलापूरच्या हायवेलाही एक लागला. अव्वा बसमधून येताना शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आमच्या लेकानं केलंय की ते." मी त्यांच्या पलीकडच्या सीटवर बसले होते.

त्या चित्रामुळं इथल्या एका कॉलेजनं दिराला भाषणाला बोलावलं. घरचे सगळे गेलो. तो पडद्यावर चित्रं दाखवत होता. "गाडीखालची सावली काळी नसते," तो म्हणाला, "माझं शिक्षण गल्लीतल्या गाड्यांखाली वाकून झालंय." मुलं हसली. मला वाटलं, आता तरी माझं नाव घेईल. शेवटी त्यानं घरच्यांचे आभार मानले. दादानं आधार दिला, अव्वांनी आशीर्वाद दिले. "आणि आमच्या वहिनी. कामाच्या वेळी चहा कधी मागावा लागला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बूट बघत बसला होता. म्हणजे त्याला कळलं होतं.

त्यानंतर मी काम थांबवलं. दिराला फोनवर सांगितलं, डोळे दुखतात. भांडण केलं नाही. वर्षभरानं दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओत घरून करायच्या कामासाठी अर्ज केला आणि सोबत जाहिरातींत आलेली माझी चित्रं पाठवली. ज्वारीचं सगळ्यात वर. तिथल्या एका बाईंचा फोन आला. बोलणं अदबीचं होतं.

"मॅडम, यातलं एक चित्र आम्हाला माहीत आहे. ते तुमचं नाही."

मी म्हटलं, "ते मीच केलंय. ज्यांचं नाव आहे ते माझे दीर आहेत."

"मूळ फायली आहेत का तुमच्याकडे?"

त्या पुसून टाकल्याचं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असे अर्ज बरेच येतात. तुमच्या दिरांनी आम्हाला तसं सांगितलं तर विचार करता येईल."

दीर एका लग्नासाठी घरी आला होता. मी त्याला गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "करतो की फोन. त्यात काय?" माझ्यासमोरच त्यानं फोन लावला. मला वाटलं, माणूस इतका वाईट नाही, आपणच मनात धरून बसलो.

"हो, हो, माझ्या वहिनीच आहेत," तो फोनवर म्हणाला. "मला मदत करायच्या त्या. बघून बघून शिकल्यात बऱ्यापैकी. घ्या त्यांना, मेहनती आहेत."

फोन खिशात ठेवत म्हणाला, "झालं तुमचं काम."

"मदत?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघेना. "मग काय म्हणू, वहिनी? इतकी वर्षं खोटं बोललो म्हणू? माझी नोकरी आहे. आता माझ्या लग्नाचं चाललंय. तुमचं अडलं नाही ना कुठं?"

"माझं चित्र होतं ते."

"फोटो कुणाचा होता?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण हे उत्तर त्यानं आधीच तयार ठेवलं होतं हे मला दिसलं.

अव्वा वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला वर आल्या होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. म्हणाल्या, "एका घरात तुजं माजं करताय व्हय? कामाची काय वाटणी करायची असती का?" आणि मला म्हणाल्या, "लई मनाला लावून घीऊ नको. पोरगं मोठं झालं, नाव झालं. घराचंच नाव हाय की." मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि खाली आले.

त्या स्टुडिओनं मला घेतलं. शिकाऊ म्हणून. गाड्या नाहीत, गाड्या दुसरे बसवतात. मी त्यांच्यासाठी रस्ते मोकळे करते. फोटोतून विजेचे खांब, कुत्री, पाणपोई, चालणारी माणसं काढून टाकते. मागच्या महिन्यात पहिल्यांदा एक गाडी दिली, एका पार्किंगमधली, छोटी, करड्या रंगाची. माझं नाव लावून गेली. ग्राहकानं 'चालेल' कळवलं. घरात मी कुणाला दाखवली नाही.

आणि दिराचं काय झालं, हेही लिहायला हवं. मला वाटलं होतं, मी थांबले की सहा महिन्यांत त्याचं पितळ उघडं पडेल. मी त्याची वाट बघत होते, अगदी मनापासून. तसं काही झालं नाही. त्यानं हाताखाली दोन पोरं घेतली. त्यांच्याकडून तो करवून घेतो, आणि मी सांगितलेलंच त्यांना सांगत असणार. त्याची नवी चित्रं मी मोठी करून करून बघते. एकात सावली चुकलीय. ऊन डावीकडून आहे आणि सावली सरळ उजवीकडे जायच्या ऐवजी थोडी पुढं पडलीय. नवऱ्याला दाखवली.

तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मला तर काहीच दिसत नाही."

खरंच बोलत होता. दुसऱ्या कुणालाही दिसलेली नाही. ती गाडी सगळीकडे लागलीय आणि चांगली खपते म्हणतात.