आमच्या ऑफिसातल्या कंबरा आणि खुर्च्या

दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. कोणी "आई गं" करत खुर्चीतून उठलं, की एक नवा तयार होतो. सुप्याच्या एमआयडीसीत आमचा गाड्यांचे पार्ट बनवणारा कारखाना. मी तिथं प्लॅनिंगला.

* * *

माझी कंबर धरली तो दिवस. खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि तशीच अडकले. ना वर, ना खाली. तेवढ्यात स्टोअरचे निसारभाई आले. मी काहीतरी शोधतेय असं वाटून तेही गुडघ्यावर बसले आणि टेबलाखाली बघू लागले.

"मॅडम, काय हरवलं?"

"कंबर," मी म्हटलं.

त्यांनीच मग गाडीत घालून नगरला दवाखान्यात नेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी सांगत होते, "मॅडम, घट्ट धरा."

* * *

डॉक्टर म्हणाले, फार वेळ बसायचं नाही. मला वाटलं, संपली नोकरी. रजा संपल्यावर राजीनामा द्यायलाच गेले, तर माझ्या टेबलावर पॅकिंगची लाकडी खोकी रचलेली आणि त्यांवर कॉम्प्युटर.

निसारभाई म्हणाले, "डॉक्टरांनी बसू नका म्हटलंय. काम करू नका, असं कुठं म्हटलंय?"

पुण्याहून आलेला एक कस्टमर ते बघून खूश झाला. "वा, स्टँडिंग डेस्क! इम्पोर्टेड का?"

"हो," निसारभाई म्हणाले, "मागच्या शेडमधून."

आज मी नोकरीत आहे ती त्या खोक्यांमुळे.

* * *

माझे हाल बघून साहेबांनी सगळ्यांसाठी नव्या खुर्च्या मागवल्या. पाठीला आधार, मानेला आधार, खाली नाना तऱ्हेचे दांडे. स्वतःच्या खुर्चीचं प्लॅस्टिक मात्र साहेब काढू देईनात. जरा हलले की चर्र आवाज. एकदा फोनवरच्या पार्टीनं काळजीनं विचारलं, "साहेब, काही फाटलं का?"

संध्याकाळी प्लॅस्टिक कचऱ्यात होतं.

* * *

एक खुर्ची जास्तीची आली होती. ती साहेबांनी गर्जे मावशींना दिली. मावशी पाथर्डीकडच्या. निम्मं आयुष्य ऊसतोडीत, डोक्यावर मोळ्या वाहण्यात गेलं. आता आमच्याकडं झाडलोट आणि चहा बघतात. दुपारी जिन्यापाशी फरशीवर बसायच्या, भिंतीला पाठ टेकून. खुर्चीत बसायला तयारच होईनात.

"मी काय सायेब हाय का?"

शेवटी साहेबच म्हणाले, "मावशी, तुम्ही बसल्याशिवाय मी चहा घेणार नाही."

मावशी कडेला टेकल्या. निसारभाईंनी दांडा ओढला तशी पाठ मागं झुकली. मावशी दचकल्या, मग हळूहळू सैलावल्या. डोळे मिटले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. उसाच्या फडातून धाकटी बहीण. मावशींनी सवयीनं स्पीकर लावला.

"काय करायलीस गं आक्का?"

"बसलीया."

"कामाच्या टायमाला? बरं न्हाई व्हय तुला?"

मावशींनी डोळे उघडले नाहीत.

"न्हाई गं. लई बरं हाय."