दोन कारखाने, एक मशीन

“मग पुढं काय झालं?” असं विचारून बाई हनुवटीखाली मूठ टेकायच्या आणि समोरचा माणूस बोलतच राहायचा. तुम्हीही बोलला असता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या बेळगावहून रामनगरजवळच्या आमच्या प्लायवूडच्या कारखान्यात आल्या. मी तिथं कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलणारी जर्मन मशीन आमच्याकडे झकास चालायची; त्याच मालकांच्या समुद्रकिनाऱ्याकडच्या दुसऱ्या कारखान्यात तसलीच मशीन सारखी बंद पडायची. परदेशी विद्या एकीकडे रुजते, दुसरीकडे का रुजत नाही, यावर बाईंना पीएच.डी. करायची होती.

छापील प्रश्नावली त्यांनी वाटलीच नाही. कॅन्टीनमध्ये बसल्या, गुंद गावात मशीनवरच्या फिटर परसूच्या घरी भाकरी खाल्ली, परतीची कुंभारवाड्याची बस चुकली तर तिथंच राहिल्या. सगळे त्यांना अक्का म्हणू लागले.

“मशीन बसवायला आलेल्या जर्मन साहेबानं शिकवलं कसं?” त्यांनी परसूला विचारलं.

“शिकवलं कुठलं, अक्का! आमच्यासंगं जेवायचा. आमी चुकलो की त्यो हसायचा, त्यो चुकला की आमी.”

“विचारायला भीती नाही वाटली?”

“त्याला काय भ्यायचं? आमच्यातलाच झाल्ता की!”

मग बाई दुसऱ्या कारखान्यात जाऊन राहिल्या. तिथं मशीन बसवताना तोच साहेब गेस्ट हाऊसवर उतरला होता, आणि शिकवणी फक्त अधिकाऱ्यांना. मशीनपाशी उभ्या माणसाला त्याच्याशी बोलायची मुभाच नव्हती. बाई परतल्या त्या ऑफिसचा जिना धावत चढत. “सापडलं!”

धारवाडला विद्यापीठात बाईंच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला परसू आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. एक वयस्क परीक्षक म्हणाले, “दोन कारखान्यांवरून तुम्ही जगाचं काय सांगणार?”

बाई म्हणाल्या, “सर, असं किती ठिकाणी होतं, ते मला सांगता येणार नाही. का होतं, ते सांगता येईल. मशीन तीच, मालक तेच, शिकवणारा तोच. फरक पडला तो शेजारी बसण्यात. आणि तो मला शेजारी बसल्यावरच दिसला.”

परीक्षकांनी उलटसुलट प्रश्नांनी त्यांना बराच वेळ घोळवलं. शेवटी उठून म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.” परसूची टाळी थांबेचना.

मालकांनीही हे मनावर घेतलं. परसूला दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. तो कामगारांच्याच खोलीत राहिला, आणि पावसाळ्याआधी तिथली मशीन सुरळीत धावू लागली!

पुढं बाईंना परदेशात शिकवायला बोलावणं आलं. रामनगरच्या स्टँडवर कारखान्यातल्या कामगारांची अख्खी पाळी लोटली होती. बस हलताना कुणीतरी खिडकीतून भलामोठा फणस आत सारला. तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तशाच हसत, अक्का वळणाआड गेल्या.